मोकळा उजेड, सुट्टी आणि मुलांचे डोळे

लहान वयात लागणारा ‘मायनस’चा चष्मा आणि घराबाहेर घालवलेला वेळ यांचा जवळचा संबंध आहे, हे गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने पक्के केले आहे. तेलंगणातल्या शाळांना एप्रिलअखेरीपासून जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सुट्टी असते. या सुट्टीत हैदराबादची मुले किती वेळ मोकळ्यावर खेळतात, याला म्हणूनच मौजेपलीकडेही महत्त्व आहे.

नवजात बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. मोठेपणी तो २३ ते २४ मिलिमीटरपर्यंत वाढतो. पारपटल आणि भिंग प्रकाश जिथे एकवटतात, नेमके तिथेच दृष्टिपटल यावे, अशा बेताने ही वाढ थांबावी लागते. डोळा एक मिलिमीटर जास्त लांबला, तर अडीच ते तीन नंबरचा चष्मा लागतो. लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही, म्हणून जे करायचे ते वाढीच्या वयातच.

वाढ बिघडते कशाने, या प्रश्नाचा इतिहास रंजक आहे. जर्मन नेत्रवैद्य हेर्मान कोन यांनी ब्रेस्लाऊ शहर आणि परिसरातल्या १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इयत्ता वाढत जाते तसे चष्म्याची गरज असलेल्या मुलांचे प्रमाण वाढते, असे त्यांना आढळले. दोष वाचनावर आला, बाके सुधारण्याच्या मोहिमा निघाल्या. पण वर्गात भरपूर उजेड हवा, असाही कोन यांचा आग्रह होता. पुढे शंभर वर्षे चर्चा फिरत राहिली ती पुस्तकाच्या अंतराभोवती आणि आनुवंशिकतेभोवती. कोन यांचा उजेडाचा मुद्दा मागेच पडला. त्या मुद्द्याचे श्रेय त्यांना आजही पुरेसे मिळत नाही.

२००८ साली कॅथरिन रोझ, इयन मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी सिडनी आणि सिंगापूरमधल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली. सिंगापूरमध्ये २९.१ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे ‘मायनस’चा नंबर, होता, सिडनीत फक्त ३.३ टक्के. आईवडिलांमधले चष्म्याचे प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखे. पुस्तके तर सिडनीतलीच मुले जास्त वाचत होती. ठळक फरक होता तो बाहेर घालवलेल्या वेळाचा: सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन. त्यानंतर चीनमधल्या ग्वांगझूच्या बारा शाळांत प्रयोग झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांनंतर त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, तर उरलेल्या सहा शाळांत ३९.५ टक्के. हे निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाले.

यामागे व्यायाम नाही. बंदिस्त सभागृहातल्या खेळाने असा फायदा दिसत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवरही भिस्त ठेवता येत नाही. जर्मनीत कोंबडीच्या पिलांवर झालेल्या प्रयोगांत प्रखर दिव्यांच्या उजेडानेही डोळ्याची अवाजवी वाढ मंदावली. दृष्टिपटलातल्या डोपामीन या रसायनाचे काम अडवणारे औषध दिले, तेव्हा हा फायदा नाहीसा झाला. भरपूर उजेडात डोपामीन स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते, हे आजचे सर्वांत सयुक्तिक स्पष्टीकरण आहे. घरात साधारण १०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर बाहेर उन्हात तो एक लाखापर्यंत जातो.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने या विषयात भरीव काम केले आहे. तिच्या संशोधकांनी तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ७ ते १५ वर्षांच्या मुलांची पाहणी केली. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत लघुदृष्टीचे प्रमाण ४.१ टक्के होते. त्याच वर्षीच्या दिल्ली शहरातल्या पाहणीत, ५ ते १५ वयोगटात, ते ७.४ टक्के निघाले. २०२१मध्ये याच संस्थेच्या संशोधकांनी निरनिराळ्या जागांवरचा उजेड मोजला. मोकळे मैदान सर्वांत उजळ ठरले, आणि वरून झाकलेल्या जागी उजेड फार कमी भरला. म्हणजे नुसते ‘बाहेर’ असून भागत नाही. डोक्यावर आभाळ हवे.

हैदराबादच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भर दुपारी मुलांना बाहेर काढणे धोक्याचेच. त्याची गरजही नाही. सूर्योदयानंतर तासाभरात मोकळ्यावर हजारो लक्स उजेड असतो. सकाळ आणि संध्याकाळ मिळून दोन तास सहज जमतात. विरळ सावली किंवा टोपी यांनी उजेड घटतो, तरी तो घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त राहतो. सूर्याकडे थेट पाहू नये, हे मात्र मुलांना बजावून सांगायला हवे.

जागांची शहरात वाण नाही. ज्युबिली हिल्सजवळचे कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यान आहे, नामपल्लीची बाग-ए-आम आहे. खाजागुड्याचे खडक तर सुमारे अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटचे. शहरातले असे खडक वाचवण्यासाठी ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ ही संस्था १९९६पासून झटते आहे. खडकांच्या आडोशाला, कोरड्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे दिसतात. तळाशी मुंग्या धरणारी अळी दडलेली असते. मुंगी कडेवरून घसरली की अळी खालून माती उडवते, कड ढासळते आणि मुंगी थेट जबड्यात येते. हे पाहायला बसलेले मूल अर्धा तास हलत नाही. जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस पडला की लाल मखमली मृगकिडे जमिनीवर येतात. तेलुगूत त्यांना ‘आरुद्र पुरुगु’ म्हणतात.

या उपायाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. मोकळ्या उजेडाने चष्मा लागण्याची शक्यता घटते आणि लागायचाच तर तो उशिरा लागतो; लागलेला नंबर मात्र उतरत नाही. नंबर घालवण्याचा दावा करणाऱ्या व्यायामांना आणि औषधांना कोणी भुलू नये. महागड्या ‘निसर्ग शिबिरा’वाचूनही काही अडत नाही. रोजचे दोन तास, डोक्यावर आभाळ आणि खेळायला सवंगडी एवढे या सुट्टीत प्रत्येक मुलाला मिळावे, आणि शाळा सुरू झाल्यावरही पालक-शिक्षकांनी त्यात खंड पडू देऊ नये.