जुन्या रिव्हॉल्व्हरचं मोल कशात?

गावाकडच्या वाड्यातून नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये वारसाहक्काने एखादं विलायती रिव्हॉल्व्हर आलं, की पहिला प्रश्न किमतीचा निघतो. उत्तरही ठरलेलं असतं: ‘वेब्ली अँड स्कॉट आहे, आता मिळत नाही, लाखांत जाईल.’ आकडा खरा असू शकेल, पण त्यामागचं कारण दुर्मीळता नाही. लष्करी बोअरची शस्त्रं सामान्य परवानाधारकाला मिळत नसल्याने आपल्याकडे मागणी .32 बोअरवर एकवटली, आणि 1980च्या दशकाच्या मध्यापासून सामान्यांसाठी परदेशी शस्त्रांची आयातही थांबली. कारखान्यातून मुबलक बाहेर पडलेली वस्तू इथे दुर्लभ झाली ती अशी. याला टंचाई म्हणावं. टंचाई कशामुळेही असो, बाजारात मिळेल तीच किंमत, असं कुणी म्हणेल. आज विकणाऱ्यापुरतं ते बरोबर आहे. पण कायद्याने चढलेला भाव धोरण बदललं की उतरू शकतो. 2020मध्ये वेब्ली अँड स्कॉटच्याच नावाचं .32 रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनू लागलं. शिवाय शस्त्र कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडची शस्त्रं तीनवरून दोनवर आणली आणि विकत घेऊ शकणाऱ्यांचं वर्तुळ आणखी आक्रसलं.

संग्राहक ज्याला मोल म्हणतो ते नगसंख्येवरही पूर्ण अवलंबून नसतं. कोल्टच्या 1873च्या मॉडेलची पहिल्या मालिकेतच साडेतीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरं बनली. तरी अमेरिकी शेरीफ पॅट गॅरेटने 1881मध्ये ज्याने ‘बिली द किड’ या कुख्यात गुन्हेगाराला मारलं, ते एक रिव्हॉल्व्हर 2021च्या लिलावात साठ लाख डॉलरपलीकडे गेलं. पैसे मोजले गेले ते त्याच्या सिद्ध झालेल्या इतिहासासाठी. आपल्याकडचा दाखला रिव्हॉल्व्हरचा नाही, पिस्तुलाचा आहे, पण अधिक जवळचा. सॉंडर्स हत्या प्रकरणातलं भगतसिंगांचं .32 कोल्ट पिस्तूल सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं इतर शस्त्रांसारखंच पडून होतं. रंगाच्या थराखालचा 168896 हा क्रमांक जुन्या नोंदींशी जुळला, तेव्हा कुठे त्याची ओळख पटली. क्रमांक नसता, तर त्या लोखंडाला कुणी विचारलं असतं?

म्हणून जुनं रिव्हॉल्व्हर पाहताना जाणकार आधी चमक बघत नाही. चौकटीवरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक जुळतो का, बर्मिंगहॅमच्या तपासणीच्या छापाच्या कडा टोकदार आहेत का, मूळ निळसर काळी झिलई किती उरली आहे, हे तो पाहतो. हौसेने निकेल चढवून घेतलेल्या शस्त्रावर हीच अक्षरं बोथट होतात. जखम झाकली जाते, पण त्याबरोबर पुरावाही पुसला जातो. परदेशातल्या लिलावांचे आकडे दाखवून कुणी भुलवत असेल, तर एवढं लक्षात ठेवावं: शंभर वर्षं पार केलेली ऐतिहासिक वस्तू 1972च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशी वस्तू न्हावा शेवा बंदरातून खासगी माणसाला निर्यात करता येत नाही. देशातही परवाना नसलेल्याला ती विकता येत नाही.

घरात असं शस्त्र असेल, तर आधी परवाना आणि वारसाची नोंद पोलीस आयुक्तालयातून नीट करून घ्या. मग त्याला पॉलिश करायला देऊ नका, आणि आजोबांचं जुनं परवाना-पुस्तक, खरेदीची पावती रद्दीत टाकू नका.