यंत्राला जाग कशी येते?

चूल पेटविताना आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. कोणीही काडी ओढून ती एकदम जाड ओंडक्याला लावीत नाही. काडीने आधी वाळलेले गवत पेटते, गवताने काटक्या पेटतात, काटक्यांनी गोवरी धरते आणि गोवरीचा विस्तव चांगला फुलला म्हणजे मगच लाकूड पेट घेते. यांतली एखादी पायरी गाळली, तर धूर मात्र होतो, जाळ होत नाही. संगणकासारख्या शक्तिमान यंत्रालाही हा क्रम चुकलेला नाही. निद्रिस्त यंत्राला पायरीपायरीने जागे करण्याची विद्या माणसाने कशी शोधली, ती कथा मोठी मनोरंजक आहे.

संगणक आपण होऊन काहीच करीत नाही. त्याच्या स्मृतीत ज्या आज्ञा असतील, त्या तो एकामागून एक पाळतो. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात. परंतु यंत्र नुकतेच सुरू केले, त्या वेळी त्याची स्मृती रिकामी असेल तर? बाहेरची आज्ञावली वाचून आत आणली पाहिजे. पण वाचून आणणे हेही एक कामच. आणि आज्ञेवाचून तर यंत्र कोणतेच काम करीत नाही! पेटीला कुलूप आणि किल्ली पेटीत, असा हा प्रकार झाला. इंग्रजी भाषेत अशा अशक्य कामाला, 'आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलणे' असे म्हणतात. संगणक सुरू करण्याला 'बूट करणे' म्हणतात, ते यावरूनच.

हे कोडे केंब्रिज विद्यापीठात फार सुंदर रीतीने सोडविण्यात आले. मॉरिस विल्क्स यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे 'एडसॅक' नावाचा संगणक बांधण्यात आला होता. पाऱ्याने भरलेल्या लांब नळ्या ही त्याची स्मृती. आज्ञा कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने लिहिलेल्या असत. ही फीत वाचावयास यंत्राला शिकविण्याचे काम डेव्हिड व्हीलर या २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने केले. त्याने अवघ्या ३१ आज्ञा रचल्या. दूरध्वनी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या फिरत्या निवडकांवर तारा जोडून त्या कायमच्या बसविण्यात आल्या. बटण दाबले की या ३१ आज्ञा स्मृतीत उतरत. मग त्यांच्या साहाय्याने यंत्र फीत वाचू लागे. ६ मे १९४९ रोजी एडसॅकने आपली पहिली आज्ञावली पार पाडली आणि वर्गसंख्यांचा तक्ता छापून दिला. पेटीची किल्ली पेटीबाहेर ठेवण्याची युक्ती साधली होती.

तथापि प्रत्येक यंत्रात अशी सोय नसे. १९७० साली 'पीडीपी-११' नावाचा संगणक बाजारात आला. त्याच्या दर्शनी फलकावर खटक्यांची एक रांग होती. कागदी फीत वाचण्यासाठी त्याला १४ संख्यांची एक छोटी आज्ञावली लागे, आणि ती चालकाला हाताने भरावी लागे. खटके वर-खाली करून एक संख्या मांडायची, ती स्मृतीत टाकायची, मग दुसरी, मग तिसरी. एक खटका जरी चुकला, तरी यंत्र मुकेच राहावयाचे आणि सारे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागावयाचे! पुढे या आरंभीच्या आज्ञा न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत कोरून ठेवण्याची पद्धत पडली आणि चालकाचे ते कष्ट टळले.

येथवर आपण यंत्र जागे कसे होते ते पाहिले. पण माणूस नुसता जागा होऊन भागत नाही; अंथरूण काढावे लागते, सडासंमार्जन करावे लागते, मग दिवसाचा व्यवहार सुरू होतो. संगणकाचेही तसेच आहे. त्याच्या सर्व व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली 'युनिक्स' या कार्यप्रणालीचे काम आरंभिले. एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही तिची रीत. १९७१ साली त्याच संस्थेच्या एकस्व विभागातील तीन टंकलेखक या प्रणालीवर दिवसभर अर्ज टंकित करीत असत.

१९७५ साली युनिक्सची सहावी आवृत्ती आली. तिच्यात ही जागृती कशी होत असे पाहा. आरंभी चकतीच्या पहिल्या खंडातून, जेथे केवळ ५१२ अक्षरे मावतात, एक चिमुकली आज्ञावली स्मृतीत येई. ती टंकयंत्रावर '@' हे चिन्ह उमटवी. चालकाने कार्यप्रणालीचे नाव टंकित केले की ती कार्यप्रणाली चकतीवरून उचलून स्मृतीत आणी. मग कार्यप्रणाली आपले घर लावी आणि शेवटी एका आज्ञावलीला चालना देई. तिचे नाव 'इनिट', म्हणजे आरंभ करणारी. चालू असलेल्या आज्ञावलीला प्रक्रिया म्हणतात. इनिट ही १ क्रमांकाची प्रक्रिया होय.

इनिट आधी 'आरसी' नावाची एक यादी वाचून घरातील आवराआवर करवून घेई. जुने तात्पुरते कागद फेकून देणे, चकत्या जोडणे, पडद्याआडची कामे करणाऱ्या सेवक-प्रक्रियांना उठविणे, ही ती कामे. त्यानंतर ती दुसरी यादी पाही. त्या यादीत संगणकाला जोडलेल्या टंकयंत्रांची नोंद असे. प्रत्येक टंकयंत्रापाशी ती एकेक प्रक्रिया द्वारपालासारखी बसवी. हा द्वारपाल येणाऱ्याचे नाव आणि परवलीचा शब्द विचारून घेई व खातरी पटल्यावरच त्याला आत सोडी.

चूल पेटली की काडी जळून जाते. पण इनिट तशी नाहीशी होत नाही. रात्री राखेखाली निखारा जपून ठेवणाऱ्या आजीप्रमाणे ती जागीच राहते. एखाद्याने काम संपविले की ती त्याच्या टंकयंत्रापाशी नवा द्वारपाल बसविते. एखादी प्रक्रिया ज्या प्रक्रियेने जन्माला घातली ती आधीच संपली, तर त्या पोरक्या प्रक्रियेला इनिट आपल्या पदराखाली घेते आणि तिचे काम संपेपर्यंत तिची नोंद ठेवते.

आता कोणी विचारील, इतक्या क्रमाने वागण्याची गरज काय? समजा, टंकलेखक काम करीत असताना वीज गेली. चकतीवरील नोंदवही अर्धवट लिहिलेली राहिली. चकतीचा एकच तुकडा दोघांच्या नावे लिहिला गेला. अशा स्थितीत वीज येताच सर्वांना आत सोडले, तर एकाचे लेखन दुसऱ्याच्या लेखनावर उमटेल आणि महिन्यांचे श्रम पुसले जातील. म्हणून युनिक्समध्ये एक सोय होती. फलकावरील खटक्यांवर १७३०३० ही संख्या मांडून यंत्र सुरू केले, की इनिट एकाही द्वारपालाला न बसविता केवळ चालकालाच आत घेई. तो शांतपणे नोंदवही तपासी, चुका दुरुस्त करी आणि मगच सर्वांसाठी दारे उघडी. आधी तपासणी, मग प्रवेश. हा नियम इतरांच्या श्रमांच्या रक्षणासाठी होता.

पुढे सेवक वाढले, तशी व्यवस्थाही वाढली. १९८३ साली आलेल्या 'सिस्टम पाच' या युनिक्समध्ये यंत्राच्या निरनिराळ्या अवस्थांना क्रमांक होते. कोणत्या अवस्थेत कोणती प्रक्रिया चालावी, कोणती संपल्यास पुन्हा सुरू करावी, हे सारे एका तक्त्यात लिहिलेले असे. तक्ता बदलला की व्यवस्था बदले. इनिटला हात लावावा लागत नसे. नंतरच्या आवृत्त्यांत सेवकांच्या आज्ञापत्रांना अनुक्रमांक मिळाले आणि ती क्रमाने एकेक पार पडू लागली. परंतु एकाचे होईपर्यंत दुसऱ्याने खोळंबून राहावे, यात वेळ फार जाई. म्हणून मॅक संगणकांसाठी २००५ साली 'लाँचडी' आणि लिनक्ससाठी २०१० साली 'सिस्टमडी' या नव्या आज्ञावल्या निघाल्या. ज्यांना एकमेकांची वाट पाहण्याचे कारण नाही, अशी कामे त्या एकाच वेळी सुरू करतात.

आज खिशात मावणारा अँड्रॉइड दूरध्वनी सुरू केला की त्यातही १ क्रमांकाची प्रक्रिया असते ती इनिटच. बोटाने बटण दाबून आपण क्षणभर थांबतो आणि 'किती हा उशीर!' म्हणून कुरकुरतो. त्या क्षणभरात एका लहान आज्ञावलीने मोठीला, मोठीने त्याहून मोठीला आणि त्या सर्वांत मोठीने इनिटला उठविलेले असते. पडदा उजळतो, आपण आपल्या कामाला लागतो. आणि सर्वांच्या आधी उठलेली ती प्रक्रिया सर्वांच्या मागे, यंत्र बंद होईपर्यंत, आपल्या जागी जागत बसते.