सग्वारोच्या डोंगरात आपलं अंजन गवत

निवडुंग म्हटलं की आपल्याला बांधावरचा फड्या निवडुंग आठवतो. त्याचं माहेर मात्र अमेरिका खंड. आज आपण त्याच्या माहेरच्या एका डोंगरवाटेवर मनानेच फिरून येऊ. तिथे आपल्या ओळखीचं एक गवतही भेटणार आहे, पण ते तिथे पाहुणं म्हणून गेलं आणि घर बळकावून बसलं.

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सीमेजवळ, टुसॉन नावाचं शहर आहे. त्याच्या भोवती सोनोरन वाळवंट. वाळवंट म्हणजे नुसती वाळू नव्हे, हे खडकाळ डोंगर आहेत. पाऊस वर्षाला साधारण ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माण-आटपाडीपेक्षाही कमी. तो थोडा हिवाळ्यात पडतो आणि थोडा जुलै-ऑगस्टमध्ये. हिवाळ्यातला पाऊस चांगला झाला, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये खसखशीच्या कुळातल्या सोनेरी फुलांनी उतार भरून जातात. फुलं बघायला लोक लांबून येतात. जाणती माणसं सोबत पाण्याबरोबर एक फणीही ठेवतात. चोया नावाच्या निवडुंगाचे काटेरी तुकडे नुसत्या स्पर्शाने कपड्यांना चिकटतात. हाताने काढायला गेलं तर हातालाच चिकटतात. फणीने ते उडवून लावता येतात.

या डोंगरांचा राजा म्हणजे सग्वारो. ४० फूट आणि त्याहूनही उंच निवडुंग! अंगावर नऊवारीच्या निऱ्यांसारख्या उभ्या घड्या असतात. पाऊस पडला की त्या पसरतात आणि आत पाणी साठतं. पण वाढ फार सावकाश. पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच. पहिलं फूल साधारण पस्तिसाव्या वर्षी. फांद्या फुटायला पन्नास-सत्तर वर्षं, कधी त्याहून जास्त. बाळ सग्वारो एकटा उन्हात जगत नाही. पालो वेर्दे किंवा मेस्कीटसारख्या झाडाच्या सावलीत तो लहानाचा मोठा होतो. पुढे हाच सग्वारो पाण्यासाठी त्या झाडाशी भांडतो, आणि कित्येकदा झाडच वाळून जातं. असो, घरोघरी मातीच्या चुली!

तिथल्या तोहोनो ओओदाम या आदिवासी समाजात सग्वारोला माणसासारखंच मानतात. जून-जुलैत बायका फळं काढायला निघतात. वाळलेल्या सग्वारोच्या आतल्या लाकडी फासळ्या जोडून लांब काठी करतात आणि तिने उंचावरची फळं पाडतात. लाल गर उकळून काकवीसारखा पाक करतात, बियाही वापरतात. फळाची साल लाल बाजू वर करून जमिनीवर ठेवतात, पाऊस यावा म्हणून. त्यांचं नवं वर्ष याच हंगामात सुरू होतं.

आता ते गवत. आपण ज्याला अंजन म्हणतो तेच. कमी पाण्यात तग धरतं, जनावरं आवडीने खातात, म्हणून आपल्या गायरानांत ते मुद्दाम लावतात, आणि ते योग्यच आहे. हाच गुण पाहून गेल्या शतकात १९३०-४० च्या सुमारास अमेरिकेतही ते चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवण्यासाठी लावलं गेलं. पण तिथली घडण वेगळी. त्या वाळवंटात दोन झाडांमध्ये उघडी जमीन असते, त्यामुळे वीज पडून आग लागली तरी ती लांबवर जात नव्हती. अंजनाने ती मोकळी जागा भरून टाकली. उन्हाळ्यात ते वाळतं, पेटलं की रानभर पळतं, आणि जळाल्यावर पुन्हा मुळापासून फुटतं. सग्वारोला आगीची सवयच नाही. तो भाजून मरतो, आणि त्याच्या जागी नवा उभा राहायला आयुष्य जातं.

म्हणून टुसॉनच्या डोंगरांवर गावातली माणसं स्वतःहून जमतात, पहारीने अंजनाचे ठोंब मुळासकट उपटतात. वरवर कापून उपयोग नसतो. तुरे आले असतील तर ते आधी पिशवीत भरतात, नाहीतर बी तिथेच सांडतं. एकदा साफ केलेल्या उतारावर पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा जावं लागतं, कारण मातीत पडलेलं बी पाऊस झाला की उगवतंच.