रेषेतला चिंटू आणि पडद्यावरचा चिंटू

एखाद्या चित्रकथेवर चित्रपट निघणार, अशी वार्ता आली की तिच्या वाचकांत आनंदाबरोबर धास्तीही पसरते. आवडत्या कादंबरीच्या बाबतीतही हे घडते. परंतु चित्रकथेच्या वाचकाची धास्ती थोडी निराळी आहे. पात्राचा चेहरा त्याला आधीपासून ठाऊक असतो. आवाज मात्र त्याने आपल्या मनाने दिलेला असतो. एका चौकटीतून दुसरीत जाताना मध्ये काय घडले, हेही त्यानेच ठरविलेले असते. चित्रपट या दोन्ही गोष्टी त्याच्या हातून काढून घेतो.

मराठीत या धास्तीची परीक्षा २०१२ मध्ये झाली. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये अवतरला आणि पुढे दोन दशके मराठी घरांत सकाळच्या चहाबरोबर वाचला गेला. श्रीरंग गोडबोले त्याला पडद्यावर आणीत आहेत हे कळल्यावर, चार चौकटींत संपणारा विनोद दोन तास कसा पुरणार, ही शंका रास्तच होती. चित्रपटाने त्यावर कथानकाचा तोडगा काढला: मुलांचे खेळाचे मैदान बळकावले जाते आणि ते परत मिळविण्यासाठी ती झगडतात. पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चित्रपटात तर खजिनाच आला. तोडगा चुकीचा म्हणता येणार नाही. पण चिंटूच्या घरी विशेष काही घडत नाही, हीच तर त्याची गंमत होती! गृहपाठ टाळणे, आईची बोलणी खाणे, एवढ्यावर त्याचा दिवस भागत असे.

आणखी एक गोष्ट घडली, तिची फारशी चर्चा झाली नाही. चिंटूचे चित्र मोजक्या रेषांचे; मागे एखादे दार, एखादी भिंत. त्यामुळे नीरा-बारामती रस्त्यावरच्या वडगाव निंबाळकरमध्ये, उसाच्या मुलखात, वर्तमानपत्र उघडणाऱ्या मुलाला तो आपल्याच आळीतला वाटू शकत होता. कॅमेऱ्याला अशी रिकामी जागा सोडता येत नाही. त्याला वसाहत दाखवावी लागते, कपडे दाखवावे लागतात, बोलण्याची ढब ठरवावी लागते. रेषेतला चिंटू कुठलाही असू शकत होता. पडद्यावरचा शहरातला झाला. दिग्दर्शकाला यात दोष देणे अन्यायाचे होईल, कारण हा माध्यमाचाच स्वभाव आहे. पुस्तकांतील नायकही यातून सुटत नाहीत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा शाळकरी फास्टर फेणे २०१७ मध्ये पडद्यावर आला तो तरुण होऊनच.

या स्वभावावर मात करता येत नाही असे मात्र नाही. मार्जान सत्रापी यांनी आपल्या इराणी बालपणाची चित्रकथा २००७ मध्ये व्हॅन्साँ पारोनो यांच्यासह पडद्यावर आणली, तेव्हा जिवंत नट न घेता बव्हंशी काळ्यापांढऱ्या चित्रांतच ती हलती ठेवली. ‘पर्सेपोलिस’मधली मुलगी म्हणूनच इराणबाहेरच्या प्रेक्षकालाही परकी वाटत नाही. उलट टोकाला अ‍ॅलन मूर. ‘वॉचमेन’ या त्यांच्या चित्रकादंबरीवर २००९ मध्ये चित्रपट आला, तेव्हा त्यांनी श्रेयनामावलीत आपले नावच येऊ दिले नाही.

पुढे कुणी मराठी चित्रकथा पडद्यासाठी निवडील, तेव्हा नायकाची भूमिका कोण करणार याचीच चौकशी आधी होईल. त्याच्यामागची भिंत कोणत्या गावची असेल, हेही तेव्हाच विचारलेले बरे.