अब्बांची फियाट आणि रंगाखालचा पत्रा

अब्बांच्या इंतकालाला चार महिने झाले, तेव्हा आम्ही भावंडे अम्मीच्या समोर हिशेबाला बसलो. कर्ज फिटलेले होते, घर आधीपासून अम्मीच्या नावावर होते. राहिली ती अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी असलेली गाडी. १९७१ सालची, फिकट आकाशी रंगाची फियाट ११००. अब्बा सूत रंगवण्याच्या कारखान्यात डाईंग मास्तर होते. त्यांनी ती जुनी विकत घेतली होती आणि शेवटची नऊ वर्षे ती ताडपत्रीखाली उभीच होती.

भाईजान म्हणाले, “रंग मारून घेऊ. चकाचक दिसली की दीड लाखाला जाईल. आहे अशी कोण घेणार?”

त्यांनी एका गॅरेजमध्ये विचारूनही ठेवले होते. २८ हजार रुपये, आठ दिवसांचे काम. गॅरेजवाल्याने सांगितले होते, खालचा पत्रा सडलाय, पण पुट्टी भरतो, वरून रंग मारतो, दोन पावसाळे कुणाला काही कळणार नाही.

अम्मी तोपर्यंत गप्प होती. ती एवढेच म्हणाली, “आणि तिसऱ्या पावसाळ्यात?”

मग तिने आम्हाला लहानपणी सांगितलेली हदीस आठवण करून दिली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, अशी ताकीद दिली. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी आणि पुट्टीवर रंग, ही तीच ओल्या धान्याची रास नव्हे काय? भाईजानांकडे उत्तर नव्हते. आमच्यापैकी कुणाकडेच नव्हते.

आधी किंमत, मग रंग

पहिला निर्णय झाला तो रंगाचा नव्हे, हिश्शांचा. गाडी आता अब्बांची नव्हती, सर्व वारसांची होती. एका भावाने आपल्या मर्जीने तिच्यावर खर्च करायचा आणि नंतर तो सगळ्यांच्या हिश्श्यातून वळता करायचा, हे बरोबर नव्हते. म्हणून पुण्याच्या एका जाणकाराला बोलावले आणि गाडी आहे तशी, गंज दाखवून, दाखवली. त्याने ९६ हजार किंमत सांगितली. भाईजानांच्या दीड लाखाचे स्वप्न तिथेच संपले.

हिशेब असा झाला. अम्मीचा आठवा हिस्सा १२ हजार. उरलेले ८४ हजार. दोन भाऊ आणि दोन बहिणी, मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे सहा वाटे. प्रत्येक भावाला २८ हजार, प्रत्येक बहिणीला १४ हजार. धाकट्या भावाने गाडी स्वतःकडे ठेवली आणि बाकी सगळ्यांचे मिळून ६८ हजार रुपये चुकते केले. (वारस बदलले की हिस्से बदलतात. आपल्या घरचा हिशेब जाणकार आलिमांकडूनच करून घ्यावा.) त्यानंतर आरटीओत वारसाच्या नावे गाडी करण्याचा नमुना ३१ चा अर्ज भरला. गाडी नावावर झाली, तेव्हाच रंगाचा विषय निघाला.

सोलापूरकराची मोटार

या गाडीचे सोलापूरशी नाते आहे, हे आमच्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक नसते. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. १९४४ साली त्यांनी ही कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. हीच फियाट पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली. त्यामुळे अनेक घरांत धूळ खात पडलेल्या अशा गाड्यांकडे लोक आता वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत.

रंगाचे तीन प्रकार

धाकट्याने चार ठिकाणी चौकशी केली. मी वही घेऊन सोबत होते. जे समजले ते असे.

पहिला प्रकार सिंथेटिक इनॅमल. सर्वांत स्वस्त. हा हवेने हळूहळू वाळतो, पूर्ण कडक व्हायला कित्येक दिवस लागतात. तोवर धूळ चिकटते. उन्हात काही वर्षांत फिका पडतो.

दुसरा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज. जुने पेंटर याला अजून ‘ड्यूको’ म्हणतात. हे मूळचे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचे नाव. १९२० च्या दशकात तो आला आणि मोटारी रंगवण्याचे आठवड्यांचे काम तासांवर आले. हा मिनिटांत वाळतो, पण पातळ थर बरेच द्यावे लागतात आणि शेवटी घासून पॉलिश करावे लागते. कालांतराने त्याला बारीक तडे जातात. फायदा असा की, ओरखडा पडला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येतो.

तिसरा पीयू. यात रंग आणि हार्डनर मिसळावे लागते, मग रासायनिक क्रियेने तो कडक होतो. चमक टिकते, पेट्रोल सांडले तरी डाग पडत नाही. आज बहुतेक चांगली कामे यातच होतात.

जुन्या रंगावर नवा मारायचा असेल, तर आधी खालचा रंग कोणता हे ओळखावे. कापडाला थिनर लावून कोपऱ्यात घासावे. रंग विरघळून कापडाला लागला तर एनसी. सुरकुत्या पडून सुटू लागला तर इनॅमल. काहीच झाले नाही तर पीयूसारखा हार्डनरचा रंग. इनॅमलवर तेज थिनरचा रंग मारला तर खालचा थर उचलला जातो आणि सगळे काम वाया जाते.

पैसा जातो कुठे?

आम्हाला तीन अंदाज मिळाले. वरवर घासून, पुट्टी भरून इनॅमल मारायचे २८ हजार. जुना रंग नीट घासून त्यावर पीयू मारायचे ५५ ते ६५ हजार. सगळा रंग काढून, पत्रा उघडा करून, सडलेला कापून नवा बसवायचा आणि संपूर्ण गाडी रंगवायची, तर सुमारे १ लाख ४० हजार. हे आमच्या गाडीचे, सोलापुरातले दर आहेत. गाडी आणि गाव बदलले की आकडे बदलतील.

आम्ही ज्यांच्याकडे काम दिले ते साठी ओलांडलेले उस्ताद. त्यांनी पहिल्या भेटीत खिशातून चुंबक काढले, रुमालात गुंडाळले आणि गाडीवरून फिरवले. चांगल्या पत्र्याला चुंबक धरते, जाड पुट्टी असेल तिथे सुटते. दाराखालच्या पट्ट्या, मागच्या मडगार्डच्या कडा, डिकीचा तळ इथे चुंबक खाली पडले. चालकाच्या पायाखालची चटई उचलली तर जमीन दिसली. ताडपत्रीखाली गाडी सुरक्षित आहे असे आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तिने ओल आत कोंडून ठेवली होती.

“रंग तो आखिर का काम है आपा,” उस्ताद म्हणाले. मला अब्बा आठवले. सूत उकळून त्यातले तेल-मेण काढल्याशिवाय रंग धरत नाही, हे ते कारखान्यातल्या प्रत्येक नव्या पोराला सांगत.

उस्तादांनीच सुचवले की छत, बॉनेट आणि डिकीच्या झाकणाचा जुना रंग शाबूत आहे, तो काढू नये. बारीक कंपाउंडने हलक्या हाताने पॉलिश करावे. कडांवर जोर देऊ नये, तिथे रंग पातळ असतो. बाकी दारे, मडगार्ड आणि खालचा भाग नव्याने रंगवावा.

शेवटचा हिशेब माझ्या वहीत असा आहे. पत्राकाम आणि वेल्डिंग ३८ हजार. जुना रंग काढणे, गंजावरचे औषध, प्रायमर आणि पुट्टी १४ हजार. रंग, हार्डनर, थिनर ९ हजार. पेंटरची मजुरी १५ हजार. रबरी बीडिंग आणि क्लिपा ६ हजार. मास्क, हातमोजे वगैरे २ हजार. एकूण ८४ हजार. म्हणजे दर दहा रुपयांत रंगाचा जेमतेम एक रुपया. बाकी सगळे रंगाखाली.

कामाची पद्धत

सडलेला पत्रा कापून नवा जोडताना सीओटू वेल्डिंग केले. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा जास्त वाकतो. उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे औषध लावले, धुऊन पूर्ण वाळवले. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला, कारण उघडा पत्रा रात्रभर ठेवला तरी गंज पुन्हा सुरू होतो. पुट्टी त्यानंतर, तीही पातळ. पुट्टी कोरडीच घासली. ती पाणी शोषते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड आणते. मग दुसरा प्रायमर, त्यावर वॉटर पेपरने घासकाम आणि शेवटी पीयूचे तीन हात.

रंगाची छटा जुळवायला ग्लोव्ह बॉक्सचे झाकण काढून रंगाच्या दुकानात नेले. त्याच्या आतल्या बाजूला ऊन लागलेले नव्हते. मूळ आकाशी तिथे सापडला, पण उन्हाने फिकटलेल्या छताशी तो जुळेना. दोन नमुने मारून पाहिले, तेव्हा मधली छटा मिळाली. आरसी बुकात लिहिलेला रंग तोच राहिल्यामुळे आरटीओची वेगळी परवानगी लागली नाही. रंग बदलायचा असेल तर आधी तिथे अर्ज करावा.

हंगामही पाहावा लागतो. आपल्या सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात थिनर इतका लवकर उडतो की रंग पसरायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पावसाळ्यात दमट हवेने एनसीवर पांढुरकी झाक येते. आमचे काम दिवाळीनंतर सुरू झाले आणि रमजानच्या आधी संपले.

नाकावरचा रुमाल

उस्तादांचा मदतनीस नाकाला रुमाल बांधून गन चालवत होता. मला राहवले नाही. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क सर्वांत उत्तम. तो नसेल तर निदान रासायनिक वाफांचा फिल्टर असलेला मास्क आणि मोकळी हवा हवी. जुन्या रंगाची धूळही वाईट, तिच्यात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आली ती २०१७ साली. पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या रंगाला असली कुठलीच मर्यादा नव्हती. म्हणून घासकाम घराच्या अंगणात, मुलांजवळ करू नये. वहीतले ते २ हजार रुपये याचे आहेत. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण ऐकतो. त्याची छाती सांभाळणे हेही त्यातच येते, असे मला वाटते.

हा इस्राफ आहे का?

अम्मीने धाकट्याला हा प्रश्न विचारलाच. ९६ हजारांच्या गाडीवर ८४ हजार! उधळपट्टी आपल्या धर्मात मना आहे. त्याने सरळ उत्तर दिले. भावंडांचे देणे आधी दिले, कर्ज काढले नाही, जकात काढली, आणि मेटॅलिक रंग, नवे क्रोम, भारी सीट या सगळ्याला नाही म्हटले. सडलेली वस्तू वाचवायला खर्च केला, मिरवायला नाही. अम्मीने मान डोलावली. प्रत्येक घराने हा प्रश्न आपल्या ऐपतीनुसार विचारावा. ज्या घरात मुलाची फी थकली आहे, तिथे उत्तर वेगळे असेल आणि तेच बरोबर असेल. अशा घराने गाडी गंज दाखवून विकावी, त्यात कमीपणा नाही.

पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात ठेवलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. धाकटा अजून विचार करतो आहे.

काम चालू असताना त्याने प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. पत्र्याची भोके, कापलेले तुकडे, वेल्डिंग, प्रायमर, सगळे. ते छापून आरसी बुकाच्या फाइलमध्ये तारखांसह लावले आहेत. उद्या गाडी विकावी लागली, तर ती फाइल घेणाऱ्याच्या हातात आधी जाईल, किल्ली नंतर.

ईदला गाडीने अम्मीला नातेवाइकांकडे न्यायचे ठरले आहे. त्या दिवशी फाइल पाहून भाईजानांनी फक्त एवढेच विचारले, “ते २८ हजारांचे गॅरेज... त्याने आपल्याला असा एक तरी फोटो दिला असता का?”