सांडपाण्याची उधारी

जो खर्च आपल्या वहीत दिसत नाही तो वाचला असे नसते. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर चढलेला असतो, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. शहरांच्या सांडपाण्याचा हिशेब नेमका असाच आहे.

धाराशिव (उस्मानाबाद) शहरास उजनी धरणाचे पाणी येते. भीमा नदीवरील हे धरण 1980 साली पूर्ण झाले. परंतु धरणाच्या वर, रांजणगाव सांडस येथे भीमेस मुळा-मुठा मिळते आणि ती पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी सोबत आणते. तेथे नाल्यात सोडलेली घाण आमच्या पाण्याच्या वाटेवर आहे.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, असे म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्च होतो. पुढच्या प्रवाहात तो काही अंशी भरून निघतो. मात्र मैल्यातील आणि धुण्याच्या पावडरीतील नत्र व स्फुरद सहजासहजी नाहीसे होत नाहीत. धरणात पाणी थबकले की या खतावर शेवाळ व जलपर्णी माजते, मरते आणि तळाशी कुजते. स्फुरद गाळात साठतो व तळाचा प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून आज सर्व नाले बंद केले तरी जुन्या गाळाची वसुली कित्येक वर्षे चालूच राहील. वरच्यांनी वाचविलेला पैसा खालच्यांना तुरटी, क्लोरीन आणि दवाखान्यावर भरावा लागतो.

आम्ही कापडवालेही यातून सुटत नाही. सुती कापडावर रंग पक्का बसविण्यास बहुधा मीठ वापरतात. विरघळलेले मीठ साध्या शुद्धीकरणाने निघत नाही. ते पाणी वर्षानुवर्षे शेतात गेले तर जमीन खारवते.

जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा आहे. पुण्याच्या शुद्धीकरण केंद्रांसाठी जपानच्या कर्जाचा करार मात्र 2016 साली झाला. मधल्या बेचाळीस वर्षांचे व्याज धरणाच्या तळाशी आहे.

पुण्याला बोल लावताना आमच्या शहरातील भोगावतीकडेही पाहिले पाहिजे. आमच्या खालीही गावे आहेत. तेव्हा दुकानाची मोरी कोठे जाते, शौचालयाची टाकी उपसणारा मैला कोठे ओततो आणि आमचा माल रंगविणारा पाणी कोठे सोडतो, एवढे तरी प्रत्येकाने विचारावे. माल घेताना भाव विचारतो, तसेच हेही विचारावे.