लोणावळ्याचे मेसॉनिक लॉज : बंद दाराआडची बंधुता

लोणावळ्यात ‘लॉज’ हा शब्द उच्चारला की आज डोळ्यांसमोर येते ते पर्यटकांच्या मुक्कामाचे ठिकाण. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच गावात या शब्दाला आणखी एक अर्थ होता. १९०८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘इंपीरियल गॅझेटियर’ या सरकारी ग्रंथमालेत लोणावळ्याची नोंद आहे. तीत रेल्वेचा इंजिन-कारखाना, प्रॉटेस्टंट व कॅथलिक पंथांची प्रार्थनामंदिरे, शाळा आणि सहकारी भांडार यांच्या पंक्तीत ‘मेसॉनिक लॉज’ही नोंदलेले आहे. मावळातल्या एका लहानशा गावात जगभर पसरलेल्या, गूढ मानल्या गेलेल्या या बंधुसंघाची शाखा कशी आली, तिच्या सभा कशा चालत आणि आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

घाट, रेल्वे आणि नवे गाव

आजचे लोणावळे रेल्वेने घडविले. १८५८ मध्ये पुणे ते खंडाळा हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा मधला बोरघाट मात्र प्रवाशांना पालखीतून, डोलीतून अथवा गाडीरस्त्याने ओलांडावा लागे. घाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले होते. जेम्स बर्कले हे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता होते. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे येथे आल्यावर थोड्याच दिवसांत निधन पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते प्रचंड काम पुढे नेले. पंचवीस बोगदे खोदून सिद्ध झालेला हा मार्ग १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला. या कामी हजारो मजूर राबले व त्यांतील कित्येक पटकी आणि तापाने दगावले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

घाट चढून आलेल्या गाड्यांच्या इंजिनांची देखभाल करण्यासाठी लोणावळ्यास कारखाना उभा राहिला. त्याच्याभोवती ड्रायव्हर, फिटर, फोरमन, गार्ड, कारकून यांची वसाहत वसली. १८७७ मध्ये नगरपालिका स्थापन झाली. घरापासून शेकडो-हजारो मैल दूर असलेल्या या नोकरवर्गाला जात, गोत, गाव यांचा आधार नव्हता. रेल्वेच्या अशा वसाहतींत तीन संस्था बहुधा हटकून आढळत : प्रार्थनामंदिर, करमणुकीचा क्लब आणि मेसॉनिक लॉज. बदली होऊन नव्या गावी गेलेल्या माणसाला तेथील लॉजमध्ये अनोळखी असूनही ‘ब्रदर’ म्हणून स्थान मिळे. आपल्याकडे परगावी गेलेला व्यापारी ज्या विश्वासाने धर्मशाळेत किंवा ज्ञातिबंधूच्या पेढीवर उतरत असे, त्याच जातीची ही सोय होती.

गवंड्यांचा संघ झाला कसा?

‘फ्रीमेसन’ म्हणजे शब्दशः स्वतंत्र गवंडी. मध्ययुगीन युरोपात मोठमोठी प्रार्थनामंदिरे बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ असत. कामाच्या जागी त्यांची जी पडवी असे, तिला ‘लॉज’ म्हणत. कसबी कारागीर कोण आणि नवशिका कोण, हे ओळखण्यासाठी त्यांच्या काही खुणा व संकेत असत, असे सांगितले जाते. पुढे या संघांत बांधकामाशी संबंध नसलेले प्रतिष्ठित लोकही प्रवेश करू लागले आणि हत्यारे प्रतीके बनली. २४ जून १७१७ रोजी लंडनमधील चार लॉजनी एकत्र येऊन ‘ग्रँड लॉज’ स्थापन केले, असे परंपरा मानते. १७२३ मध्ये या संघाची घटना छापली गेली.

मावळच्या माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांचे शिलालेख आजही वाचता येतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आणि धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त यांची नावे तेथे आहेत, तसा दाराचे काम करणाऱ्या सुताराचाही उल्लेख आहे. मावळातीलच पाले येथील लेण्यात अरिहंतांना वंदन करून आरंभ होणारा प्राचीन शिलालेख सापडला. भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पाण्याचे टाके करविल्याचे तो सांगतो. श्रेष्ठीचे धन आणि पाथरवटाची छिन्नी यांचे नाते या डोंगरांना दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

हिंदुस्थानात आगमन आणि प्रवेशाचा झगडा

हिंदुस्थानातील पहिले लॉज १७३० मध्ये कलकत्त्यास निघाले. मुंबईत ते १७५८ मध्ये आले. ही लॉजे दीर्घकाळ युरोपियनांचीच राहिली. सर्व मनुष्ये बंधू आहेत, हे तत्त्व सांगणाऱ्या संस्थेचे दार एतद्देशीयांना मात्र उघडेना. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश नाकारला गेला, तेव्हा त्यांनी युरोपात जाऊन दीक्षा घेतली. अखेर स्कॉटिश परंपरेचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी स्थापन झाले. पुढे प्राच्यविद्यापंडित खरशेदजी रुस्तमजी कामा यांच्यासारखे मान्यवर त्यात होते. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना १८७२ मध्ये प्रवेश मिळाला, तोही कित्येक वर्षांच्या वादानंतर. हिंदू मनुष्य एका परमेश्वराला मानतो काय, हाच त्या वादाचा मुद्दा होता. १८८४ मध्ये तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजेच पुढील काळातील स्वामी विवेकानंद, कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये दाखल झाले.

पुण्याच्या लष्कर भागात ‘ओरायन इन द वेस्ट’ व ‘सेंट अँड्र्यू इन द ईस्ट’ ही जुनी लॉजे होती. लोणावळे हे या मुंबई-पुणे मार्गावरचे ठाणे. स्वातंत्र्यानंतर २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ची स्थापना झाली आणि रामपूरचे नवाब सर सय्यद रझा अली खान तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. देशातील निम्म्याहून काही अधिक लॉजे तीत सामील झाली. उरलेल्यांनी इंग्लंड, स्कॉटलंड अथवा आयर्लंड येथील मूळ संस्थांशी नाते कायम ठेवले.

सभा कशी चालते?

लॉजची सभा म्हणजे काही जादूटोणा नव्हे. सामान्य जनांना मात्र तसे वाटे. किपलिंगच्या ‘किम’ या १९०१ च्या कादंबरीत मेसॉनिक लॉजला ‘जादूघर’ असे म्हटले आहे, आणि ते नाव लोकांच्या तोंडचेच होते.

सभागृहाच्या दाराबाहेर ‘टायलर’ नावाचा पहारेकरी तलवार घेऊन उभा असतो. आत पूर्वेस अध्यक्ष म्हणजे ‘वर्शिपफुल मास्टर’, पश्चिमेस ज्येष्ठ वॉर्डन व दक्षिणेस कनिष्ठ वॉर्डन बसतात. जमिनीवर काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. सुखदुःखांनी भरलेल्या जीवनाची ती खूण. मध्यभागी धर्मग्रंथ, त्यावर गुण्या व कंपास. गुण्या सरळ वागणुकीचा, कंपास स्वतःस घातलेल्या मर्यादेचा, ओळंबा नीतीचा, तर पाणसळ समतेची निदर्शक. अनघड दगड म्हणजे असंस्कृत मन आणि घडीव दगड म्हणजे संस्कारित मन. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही आपली म्हणच तेथे विधीच्या रूपाने सांगितली जाते.

आरंभी मागील सभेचा वृत्तान्त कायम होतो. नव्या उमेदवारावर गुप्त मतदान होते. पांढरी गोटी संमतीची, काळी नकाराची. काळ्या गोट्यांनी निवड अडते व त्या टाकणाऱ्यांची नावे विचारली जात नाहीत. निवड झालेल्याचे डोळे बांधून त्यास आत आणतात आणि तो आपल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो. शिकाऊ, सोबती कारागीर व उस्ताद अशा तीन पायऱ्या आहेत. उस्ताद झालेल्यास पुढे ‘होली रॉयल आर्च’ या शाखेत जाता येते. तिच्या मंडळास लॉज न म्हणता ‘चॅप्टर’ म्हणतात व सभासदांना ‘कम्पॅनियन’. जेरुसलेमचे उद्ध्वस्त मंदिर पुन्हा बांधण्याची कथा हा तिच्या विधींचा गाभा आहे. सभेत धर्म व राजकारण यांवर वाद करण्यास सक्त मनाई असते. अध्यक्षपद बहुधा एक वर्षाचे असते. शेवटी दानपेटी फिरते आणि सभा संपल्यावर एकत्र भोजन होते.

इंग्लंड-अमेरिकेच्या खेड्यांत कित्येक लॉजे पौर्णिमेच्या आसपास सभा भरवीत, कारण रात्री घरी परतताना चांदणे हवे असे. तिथी पाहून कार्य ठरविणाऱ्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये.

जैन कुटुंबापुढील प्रश्न

आज एखाद्या होतकरू तरुण व्यापाऱ्यास स्नेह्याकडून या संघाची माहिती मिळते. ओळखी वाढतील, प्रतिष्ठा मिळेल, असे त्यास वाटते. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र शंका येतात. त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत.

पहिला प्रश्न श्रद्धेचा. सभासद होण्यासाठी परमतत्त्वावर विश्वास आवश्यक असतो आणि त्याचा उल्लेख ‘विश्वाचा महान शिल्पकार’ असा केला जातो. जैन दर्शन विश्व अनादि-अनंत मानते. त्यास कर्ता नाही. तेव्हा ‘शिल्पकार’ या शब्दाचा अर्थ कोणता घ्यावा? परमात्मपद म्हणून घेता येईल, सृष्टिकर्ता म्हणून घेता येणार नाही. प्रसन्नकुमार दत्तांना जो प्रश्न इतरांनी विचारला, तो जैन उमेदवाराने स्वतःस विचारावा आणि संदिग्ध होकार देऊ नये. भारतीय लॉजांत सामान्यतः गीता, कुराण, बायबल, गुरु ग्रंथसाहेब व अवेस्ता हे ग्रंथ मांडले जातात. शपथ स्वतःच्या पवित्र ग्रंथावर घ्यावयाची, हे तत्त्व मात्र मान्य असल्यामुळे श्वेतांबर व दिगंबर दोघांनाही पूज्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राची मागणी करणे अनुचित ठरणार नाही.

दुसरा प्रश्न आचाराचा. मेसनचा पांढरा ॲप्रन परंपरेने कोकराच्या कातड्याचा असतो. निष्पापतेचे चिन्ह म्हणून निष्पाप प्राण्याचे चर्म वापरावे, ही विसंगती अहिंसेच्या उपासकास बोचल्यावाचून राहणार नाही. सभा सायंकाळी भरत असल्याने भोजन सूर्यास्तानंतर होते, आणि मद्याचा पेला उंचावण्याची प्रथाही पाश्चात्त्य परंपरेत रूढ आहे. चौविहार पाळणाऱ्याने हे आधीच स्पष्ट करावे. किपलिंग ज्या लाहोरच्या लॉजमध्ये १८८६ साली दाखल झाला, त्यावरील त्याच्या कवितेत निरनिराळ्या धर्मांचे बंधू जातिनियम मोडू नयेत म्हणून मेजवान्या टाळत, असा उल्लेख आहे. म्हणजे अशी मुभा मागण्यात नवीन काही नाही.

तिसरा प्रश्न गुप्ततेचा. दीक्षा स्वेच्छेने घ्यावयाची असते, आणि शपथेत धर्म, नीती व नागरिकधर्म यांविरुद्ध काही नाही, असे उमेदवारास आधी सांगितले जाते. तरीही पूर्ण मजकूर ठाऊक नसताना शपथ घेणे ही गंभीर गोष्ट आहे. रोमन कॅथलिक चर्चने १७३८ पासून आपल्या अनुयायांना यात मनाई केली, त्याचे एक कारण हेच होते. शिवाय स्त्रियांना मूळ परंपरेत प्रवेश नाही. ॲनी बेझंट यांनी १९०२ मध्ये ज्या संमिश्र शाखेत प्रवेश केला, ती स्वतंत्र आहे. ज्या संस्थेचे कामकाज पत्नीलाही सांगता येत नाही, तीत जाण्यापूर्वी तिच्याशी बोलणे हे गृहस्थाचे कर्तव्यच होय.

घेण्यासारखे काय?

या शंका मांडल्या म्हणून संस्थेचे गुण झाकू नयेत. सभासद पारखून घ्यावा, अध्यक्षपद वर्षाने सोडावे, सभेत धर्म-राजकारणाचा वाद आणू नये, दान करताना गाजावाजा करू नये : या चार नियमांपैकी दोन जरी आपल्या मंडळांनी व विश्वस्त संस्थांनी पाळले, तरी कित्येक भांडणे न्यायालयापर्यंत जाणार नाहीत. एकाच खुर्चीवर वीस-वीस वर्षे बसणाऱ्या पदाधिकाऱ्यांचे उदाहरण शोधण्यासाठी कोणास दूर जावे लागत नाही.

त्याचबरोबर भिन्न धर्मीयांची बंधुता साधण्यासाठी दार बंदच करावे लागते, असेही नाही. १८३४ मध्ये मुंबईची पांजरापोळ उभारताना सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह एकत्र आले. पारशी व वाणी यांनी मुक्या जिवांसाठी हातात हात घातला, तो भर बाजारात, सर्वांदेखत.

तेव्हा घरातील कोणी या मार्गाने जाऊ इच्छीत असेल, तर वडिलांनी केवळ संशयाने नकार देऊ नये आणि त्यानेही केवळ ओळखींच्या मोहाने होकार देऊ नये. शपथेचा आशय काय, भोजनाची व्यवस्था काय, ॲप्रन कशाचा, वर्गणी किती आणि ग्रंथ कोणता, हे पाच प्रश्न आधी विचारावेत. उत्तरे समाधानकारक असतील तर जावे. नसतील तर नम्रपणे नाही म्हणावे. दुकानात माल पारखून घेणाऱ्या आपल्या समाजास एवढी पारख अवघड नाही.